चंद्र, काजवा आणि ट्यूबलाइट: नैसर्गिक-कृत्रिम प्रकाश वर्गात कसा घ्यावा

प्रश्न असा आहे की पाचवीला नैसर्गिक आणि कृत्रिम प्रकाश शिकवायचाय, खेड्यातली शाळा, लॅब नाही, दोन रकान्यांचा तक्ता मुलांना तोंडपाठ आहे तरी चंद्र दर वेळी प्रकाश देणाऱ्यांत जाऊन बसतो, काजव्यावरून वर्गात भांडणं होतात, आणि हाताशी दोन-तीन तासिका आहेत, तर नेमकं काय करावं. मी हा घटक आधी मुलांना आणि नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणातही खूप वर्षं घेत आलेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं म्हणजे तो तक्ता पहिल्या दिवशी फळ्यावर लिहूच नका. त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कोंबलेत, एक म्हणजे ही वस्तू स्वतः उजेड देते का, आणि दुसरा म्हणजे ती निसर्गात होती का माणसानं केली. मूल चंद्राकडे बघतं, तो निसर्गात आहे, उजळ दिसतोय, मग ते त्याला नैसर्गिक स्रोतात टाकतं. यात मुलाचं डोकं अगदी नीट चाललंय, प्रश्न आपणच अर्धा विचारलेला असतो. म्हणून मी सुरुवातीला एकच प्रश्न लावून धरते: हा उजेड निघाला कुठून? खिडकीतून येतोय तो कुठून निघाला, स्टीलच्या डब्यावर चमकतोय तो कुठून, बाईंच्या चष्म्याच्या काचेवर दिसतोय तो कुठून? मुलं उजेडाचा माग काढायला लागली की डबा, आरसा, चष्मा, चंद्र सगळे एका ओळीत येतात आणि स्वयंप्रकाशी-परप्रकाशी हे शब्द मग सांगितले तर लगेच बसतात.

चंद्रासाठी दारं-खिडक्या लावून घ्या, फटींना गोणपाट लावा, पांढरा प्लॅस्टिकचा बॉल दोऱ्यानं टांगा आणि त्यावर बॅटरी मारा. बॉल लख्ख दिसतो. बॅटरी बंद, बॉल गायब. मग बॅटरी चालू ठेवून मध्ये पुठ्ठा धरा, पुन्हा गायब. आता विचारा, सूर्य तर आपल्याला बंद करता येत नाही, मग खऱ्या चंद्रासमोर पुठ्ठा कोण धरणार? कुणीतरी ग्रहण म्हणतंच. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अकराच्या सुमारापासून साधारण सव्वाबारापर्यंत चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत होता, ज्यांच्याकडे ढग नव्हते त्यांनी तो तांबूस, विझत आल्यासारखा बघितलाय, आणि ती तांबूस छटासुद्धा सूर्याचीच, पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून तिकडे पोचलेली. अजून एक सांगा, चंद्रावर जेवढा उजेड पडतो त्यातला जेमतेम १२ टक्के तो परत पाठवतो, म्हणजे तो जवळपास डांबरी रस्त्याइतका काळपट आहे, फक्त भर उन्हात आणि काळ्या आकाशापुढे असल्यामुळे आपल्याला पांढराशुभ्र वाटतो. मुलं हे सहजी मानत नाहीत. वाद घालू द्या, दुपारी शाळेसमोरचा रस्ता कसा चकाकतो ते बघायला पाठवा.

काजव्याचं भांडण मात्र मिटवायची घाई करू नका, ते फार कामाचं आहे. काजवा स्वयंप्रकाशी आहे आणि नैसर्गिकही आहे, त्याच्या पोटाशी लुसिफेरिन नावाचं रसायन असतं, लुसिफेरेज हे विकर (एन्झाइम) आणि ऑक्सिजन यांच्या मदतीनं त्यातून उजेड निघतो आणि उष्णता जवळजवळ नसतेच. ज्या मुलांनी काजवा हातावर घेतलाय ती लगेच सांगतात की बाई चटका बसत नाही. सूर्य, तारे, आकाशातली वीज, वणवा यांच्याबरोबर काजवा ठेवा, भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री चमकणारी बुरशी ठेवा, कोकणातल्या मुलांना लाटांमध्ये कधीकधी दिसणारा निळसर उजेड माहीत असतो तो ठेवा, तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाचा असतो. म्हणजे नैसर्गिक स्रोत म्हणजे फक्त सूर्य हे डोक्यातून जातं.

पुढचं भांडण चुलीवरून होणार हे गृहीत धरा. वणवा नैसर्गिक म्हणता, चूल कृत्रिम म्हणता, आणि जाळ तर दोन्हीकडे लाकडाचाच! बरोबर आहे की. जाळाच्या उजेडात काहीच फरक नाही, फरक आहे तो पेटवला कुणी यात. नैसर्गिक आणि कृत्रिम ही पाटी आपण स्रोताला लावतो, एकदा निघाला की प्रकाश हा प्रकाशच, हवेतून तो सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर जाणार, मग सूर्यातून निघालेला असो नाहीतर समईतून. माझ्या मते या घटकातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि ती चुलीवरच्या भांडणातूनच निघते, व्याख्येतून निघत नाही. कृत्रिम म्हणजे खोटा, भेसळीचा, असाही काही मुलांचा समज असतो, तोही इथेच जातो.

मग मुलं विचारतात की प्रकाश एकच तर फरक कळणार कसा? इथे खरी मजा सुरू होते.

सावलीपासून सुरू करा. ओल्या मातीच्या गोळ्यात दोन पेन्सिली वीतभर अंतरावर उभ्या रोवा. उन्हात ठेवल्या की दोन्ही सावल्या समांतर पडतात, कितीही लांब मोजा, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. त्याच पेन्सिली खोलीत नेऊन समोर मेणबत्ती ठेवा, सावल्या एकमेकींपासून फाकत जातात. कारण सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, तिथून येणारे किरण आपल्यापर्यंत पोचेतो जवळजवळ समांतर झालेले असतात, आणि मेणबत्ती हातभरावर. सावल्यांच्या रेषा खडूनं मागे वाढवायला लावा, मेणबत्तीच्या रेषा बरोबर मेणबत्तीपाशी भेटतात, उन्हाच्या रेषा भेटतच नाहीत. मुलांना आता फक्त सावली बघून दिवा कुठे होता ते ओळखता येतं, मी तर त्यांना डोळे मिटायला लावून दिवा हलवून ठेवते आणि सावल्यांचा कागद देऊन दिव्याची जागा शोधायला सांगते. याच जोडीला हात मागेपुढे करून भिंतीवर सावली पाडायला सांगा, बॅटरीजवळ हात नेला की सावली राक्षसाएवढी होते, उन्हात मात्र हात भिंतीपासून थोडा लांब नेला तरी सावली हाताएवढीच राहते, फक्त कडा पुसट होत जातात.

आता कवडसा. तुमची शाळा पत्र्याची असेल तर नशीबच, पत्र्याला खिळ्याची भोकं असतातच, आणि भर दुपारी जमिनीवर गोल कवडसे पडतात. मुलं रोज त्यावर पाय देऊन खेळतात पण ते गोल का हे कुणी विचारलेलं नसतं. भोक वेडंवाकडं आहे, कवडसा मात्र गोल. एका जाड कार्डाला तीनचार मिलिमीटरचं त्रिकोणी भोक पाडा, ते उन्हात धरा, कागद अगदी जवळ धरला तर त्रिकोणी ठिपका दिसतो, आणि कागद मीटर-दीड मीटर लांब नेत गेलात की तो गोल होत जातो. तो भोकाचा आकार उरतच नाही, ते सूर्याचं चित्र असतं. खातरी करायची असेल तर तेच कार्ड अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइटखाली धरा, खाली अर्ध्या मीटरवर कागद, कागदावर लांबट पट्टी उमटते, दोन ट्यूब असतील तर दोन पट्ट्या. भोक तेच, त्रिकोणीच. एकदा एका मुलीनं पट्टी बघून कार्ड गरागरा फिरवलं आणि पट्टी जागची हलत नाही म्हटल्यावर ती वर ट्यूबकडे बघत बसली, मी काहीच बोलले नाही, तिला दिसत होतं.

कवडशाचा आकारही मोजता येतो. भोक कागदापासून तीन मीटरवर असेल आणि कागद किरणांना काटकोनात धरला असेल तर कवडसा तीन सेंटीमीटरच्या आसपास भरतो. सातवी-आठवीची मुलं असतील तर अंतराला कवडशाच्या रुंदीनं भागायला लावा, भोक बारीक असेल तर उत्तर १०० ते ११० च्या मधे कुठेतरी येतं, खरं ते साधारण १०८ आहे. १५ कोटी किलोमीटरला १०८ नं भागलं की सूर्याचा व्यास येतो, जवळपास १४ लाख किलोमीटर. पत्र्याच्या भोकानं सूर्य मोजला! पाचवीला एवढं नको, त्यांना फक्त कवडशाभोवती खडूनं गोल काढायला सांगा आणि थांबायला सांगा. दोनच मिनिटांत कवडसा स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला असतो, कारण पृथ्वी फिरतेय. ट्यूबची पट्टी तासभर तिथेच. पत्रा नसेल, स्लॅबची शाळा असेल तर आंब्याखाली जा, पानांच्या फटीतून पडणारे गोल ठिपके हे सगळे सूर्याचीच चित्रं असतात.

रंगांसाठी एक जुनी सीडी शोधा. आता कुणी वापरत नाही पण लग्नाच्या शूटिंगच्या सीडी अजून घरोघरी पडलेल्या असतात, मुलं दुसऱ्या दिवशी ढिगानं आणतात. बुटाचा खोका घ्या, एका टोकाला ब्लेडनं अगदी बारीक उभी फट, ब्लेडचं काम तुम्ही स्वतः करा, दुसऱ्या टोकाला आत तिरकी सीडी आणि वरून बघायला भोक. हा झाला वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून दाखवणारा खोका. फट उजळ ढगाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे करा, सूर्याकडे कधीच नाही, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा दिसेल. मेणबत्तीकडे करा, पट्टा अखंडच पण तांबड्या-पिवळ्याकडे दाट आणि निळ्याकडे विरळ. चोकवाल्या जुन्या ट्यूबकडे किंवा सीएफएलकडे करा, पट्टा तुटलेला, हिरवी रेघ वेगळी, निळी वेगळी, मधे काळोख. एलईडीकडे करा, निळा भाग ठसठशीत, मग जरा खाच, मग हिरवा-पिवळा-तांबडा पसरलेला.

प्रत्येक दिवा उजेड बनवतो कसा हे त्या पट्ट्यात लिहिलेलं असतं. जुन्या बल्बची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते म्हणून उजळते, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे म्हणून त्यात निळा भरपूर. तापलेल्या तारेची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते, उजेड जेमतेम पाच टक्के, म्हणून त्या बल्बला हात लावला की भाजायचं. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ अतिनील किरण देते आणि काचेच्या आतला पांढरा लेप ते शोषून दिसणारा उजेड देतो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळा लेप, निळा अधिक पिवळा मिळून पांढरा. हा निळा एलईडी बनवणं फार अवघड गेलं होतं, त्यासाठीच इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं.

जाता जाता एक, कारण हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं कोकणातले शिक्षक हमखास सांगतात. असाच सूर्याचा वर्णपट बघताना हेलियमचा शोध लागला हे खरं, पण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला होता, आणि लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून बघितली. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. मुलांना विजयदुर्ग जरूर दाखवा, त्यानं जिथून ग्रहण बघितलं ते साहेबाचे कट्टे दाखवा, पण साल नीट सांगा.

या सगळ्याचा रोजच्या जगण्याशी संबंध दाखवायचा तर साडीचं दुकान पुरे. साडी पसंत पडली तरी आई ती दाराशी उन्हात नेऊन बघते, का? वस्तूचा रंग म्हणजे उजेडातला जो भाग ती परत पाठवते तो, आणि उजेडातच एखादा रंग कमी असेल तर साडी तो परत पाठवणार कुठून. दुकानातल्या दिव्याच्या रंगपट्ट्याला खाच आहे, उन्हाच्या नाही. जुने पिवळे सोडियमचे रस्त्यावरचे दिवे कुठे उरले असतील तर त्यांच्याखाली लाल, हिरवी, निळी कार्डं धरून बघा, रंग नीट ओळखता येत नाहीत.

उजेड किती हे डोळ्याला कळत नाही, ही गोष्ट मुलांना मोजूनच पटते. फोनमध्ये लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं फुकट ॲप टाका, सेन्सर बहुतेक फोनमध्ये वर, सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो. आकडे फोनगणिक थोडे इकडेतिकडे होतात पण त्यांच्यातला फरक इतका मोठा आहे की चालतं. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात, वर्गात खिडकीपाशी हजाराच्या आगेमागे, मागच्या बाकावर शंभर-दोनशे, पौर्णिमेचं चांदणं पाव लक्ससुद्धा नाही. डोळ्याला मागचा बाक थोडासाच अंधारा वाटतो, प्रत्यक्षात बाहेरच्या उन्हाच्या पाचशेवा-हजारावा हिस्सा. आमच्याकडच्या एका वर्गानं हे मोजून बाकांची रचनाच बदलून घेतली, फळ्यावर चकाकी येणारी खिडकी शोधून काढली आणि मुख्याध्यापकांना अर्ज दिला. वाचायला तीनशे लक्स तरी हवेत, हे मुलांनाच मोजू द्या. याच ॲपवर बॅटरीपासून एक हात आणि दोन हात अंतरावर मोजायला लावा, अंतर दुप्पट की उजेड साधारण चौथाई. मग उन्हात जमिनीवर आणि गच्चीवर मोजा, काही फरक नाही, आणि पुन्हा ते १५ कोटी किलोमीटर आठवतात.

ट्यूब लुकलुकते हे दाखवायला चोकवाल्या ट्यूबखाली पेन्सिल जोरात हलवा, एकाची दहा दिसतात. उन्हात नुसता पट्टा दिसतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून सेकंदाला १०० वेळा लुकलुक.

शेतकऱ्यांची मुलं असतील तर ती आणखी पुढे नेतील. शेवंतीला रात्र मोठी झाली की कळ्या धरतात, म्हणून काही जण रात्री दिवे लावून तिला लवकर फुलू देत नाहीत, आणि ड्रॅगन फ्रूटवाले थंडीत रात्री एलईडी लावतात ते बरोबर उलट, फुलं यावीत म्हणून. दोन्हीकडे कृत्रिम दिवा, दोन्हीकडे झाडाला वाटतं रात्र लहान झाली. हे एखाद्या मुलाच्या वडिलांना वर्गात बोलावून सांगायला लावा, पुस्तकापेक्षा कितीतरी चांगलं सांगतात.

आणि नको तिथला उजेड याबद्दल बोलल्याशिवाय घटक संपवू नका, मला हे फार जवळचं वाटतं. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात काजवे बघायला गर्दी होते आणि लोक बॅटऱ्या, फ्लॅश, गाड्यांचे हेडलाइट मारत सुटतात. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक आहे, आपल्या झोतात ती दिसेनाशी होते, जोड्या जमत नाहीत, पुढच्या वर्षी काजवे कमी. वेळास, आंजर्ले इथे कासवाची पिल्लं वाळूतून निघाली की उजळ बाजूला धावतात, काळोख्या किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे समुद्र, किनाऱ्यावर दिवे लावले की पिल्लं गावाकडे वळतात. उलट पेंचमध्ये दिवे खाली झाकून, कमी करून आकाश जपलंय, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातला पहिला डार्क स्काय पार्क हा मान मिळाला. मुलांना गावातले कुठले दिवे वर आकाशात उजेड फेकतात त्याचा नकाशा काढायला सांगा, ग्रामपंचायतीला तो उपयोगी पडतो.

काळजी कुठे घ्यायची ते लिहून ठेवा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, काजळी लावलेली काच, एक्सरेची फिल्म, गॉगल यातलं काहीही चालत नाही. सीडीवरून ऊन डोळ्यात पाडायचं नाही. जत्रेतला लेझर वर्गात आणायचा नाही, कितीही हट्ट केला तरी. फुटलेली ट्यूब किंवा सीएफएल मुलांनी उचलायची नाही, आत पारा असतो.

तासिका दोनच असतील तर पहिलीत बॉल आणि चुलीचं भांडण, दुसरीत पेन्सिली आणि कवडसा. बाकीचं शनिवारी किंवा सुट्टीत. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन मिळणार नाही, तेव्हा सीडीचा खोका आणि लक्स पुढे घ्या, ढगाळ उजेडातही दोन्ही होतात, आणि कवडसा दिवाळीनंतर करा.

परीक्षेत जागा भरा, जोड्या लावा हे येणारच, तो सराव शेवटी एका तासात होतो. पण तोंडी परीक्षा तुमच्या हातात आहे, तिथे मी असं विचारते: फोटोत दोन खांबांच्या सावल्या समांतर आहेत, फोटो कुठल्या उजेडात काढला? अंधाऱ्या खोलीत आरसा चमकेल का? काजवा आणि एलईडी यात सारखं काय? शेवटच्या प्रश्नाला पाचवीतलं मूल जर म्हणालं की दोन्ही तापल्याशिवाय उजेड देतात, तर त्याला पूर्ण गुण द्या, आणि एलईडीच्या बुडाला हात लावून बघ म्हणा, कारण ते बूड गरम असतं आणि पुढचा प्रश्न तोच विचारेल.